मैदानाचं पोट

आमची वहिनी कुणाच्याही घरी गेली की आधी माणसांकडे बघत नाही, कुंड्यांकडे बघते. "या, बसा" म्हणून होईपर्यंत तिचं एक बोट कुंडीतल्या मातीत शिरलेलं असतं. मग ते बोट नाकाशी जातं, डोळे बारीक होतात आणि निकाल लागतो. लग्न होऊन ती आमच्याकडे आली त्याच आठवड्यात आईच्या लाडक्या गुलाबाचा निकाल लागला होता. "आई, याचं खत बंद करा. नुसते लाड चाललेत. अजीर्ण झालंय याला."

आईने अबोला धरला. ज्या गुलाबाला तिने स्वतःच्या मुलांपेक्षा जास्त खाऊ घातलं, त्याला कालची आलेली मुलगी उपाशी ठेवायला सांगते म्हणजे काय! पण खत बंद झालं आणि गुलाब असा फुलला, की आईला बोलण्यावाचून इलाजच राहिला नाही. तेव्हापासून सासूसुनांचं जे मेतकूट जमलंय, त्यात आम्हा भावांना विचारतो कोण!

वहिनी मृदाशास्त्र शिकली आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर माती वाचायला शिकली आहे. तिच्याबरोबर शिकलेले सगळे शेतांकडे आणि फळबागांकडे गेले. वहिनीने धरलं गवत. आमच्या शहरातल्या फुटबॉल मंडळाचं मोठं मैदान गेली कित्येक वर्षं तिच्या ताब्यात आहे. पाहुणे विचारतात, "म्हणजे गवत कापायचं काम का?"

"कापतं यंत्र," वहिनी म्हणते. "मी त्याला जेवू घालते."

तिचा सिद्धांत असा, की गवत म्हणजे जीभ आणि माती म्हणजे पोट. डॉक्टर जीभ बघतो, पण औषध पोटाला देतो. ज्यांना हे कळत नाही ते गवत पिवळं दिसलं की धावत जाऊन खत ओततात. अशा लोकांबद्दल वहिनी जे बोलते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दादाचं चष्म्यांचं दुकान आहे. तो म्हणतो, "माझं सगळं आयुष्य लोकांच्या डोळ्यांत बघण्यात गेलं आणि हिचं लोकांच्या पायाखाली बघण्यात. आमची नजरानजर झाली कशी, हेच मला कळत नाही." आमच्या घराला पुढे चांगलं अंगण आहे, आणि त्यात फरश्या घातल्या आहेत. गवताची काडी नाही. मी एकदा विचारलं, "वहिनी, घरी हिरवळ का नाही लावत?"

"भावजी, दातांचा डॉक्टर घरी आल्यावर बायकोची दाढ काढत बसतो का?"

वहिनीची कचेरी म्हणजे प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालची तिरकी खोली. आत शिरताना वाकावं लागतं आणि उभं राहताना डोकं सांभाळावं लागतं. गवत कापायच्या यंत्राची पाती भिंतीवर ओळीने टांगलेली, जुन्या वर्तमानपत्रांवर मातीचे ढीग वाळत घातलेले, कोपऱ्यात खताची पोती, पोत्यांवर किटली. कापलेलं गवत, पेट्रोल आणि चहा यांचा एक मिश्र वास त्या खोलीला आहे. तोच वास संध्याकाळी वहिनीबरोबर घरी येतो.

या राज्यात तिचा एकच सरदार, फक्कीमामा. ते कुणाचे मामा आहेत हे कुणालाच ठाऊक नाही, पण सगळं शहर त्यांना मामा म्हणतं. मैदानावरच्या पांढऱ्या रेघा ते मारतात. चुन्याच्या फक्कीने भरलेली चाकांची पेटी ढकलत मामा निघाले की मागे अशी रेघ उमटते, की पट्टीने लाजावं. हे काम ते इतकी वर्षं करत आले आहेत, की त्यांची चालच तशी होऊन गेली आहे. रस्त्यातसुद्धा मामा काटकोनात वळतात. समोरून ओळखीचं कुणी आलं तर बाजूला होत नाहीत. थांबतात आणि समोरच्याने बाजूला व्हायची वाट बघतात.

एका वर्षी, मोसम संपून मैदानाला सुट्टी लागल्यावर, गवत पिवळं पडू लागलं. आधी मधूनमधून, मग सगळीकडेच. मंडळाचे अध्यक्ष टायरचे मोठे व्यापारी. माणूस वाईट नाही, पण फार वाट बघणं त्यांच्या स्वभावात नाही. ते वहिनीच्या खोलीत वाकून शिरले, उठताना डोकं आपटून घेतलं आणि डोकं चोळत म्हणाले, "मॅडम, स्पष्ट सांगतो. प्लास्टिकचं गवत घालून देणारी एक कंपनी मागे लागली आहे. पुढच्या मोसमाच्या आधी मैदान हिरवं झालं तर ठीक. नाही झालं तर प्लास्टिक."

"आणि मी?"

अध्यक्षांनी डोकं चोळणं चालू ठेवलं. प्लास्टिकला पोट नसतं. त्याला जेवू घालणारं माणूसही लागत नाही. हे दोघांनाही कळत होतं.

वहिनी म्हणाली, "होईल हिरवं." अंगणात वाळत घातलेली चादर आणून देते म्हणावं, अशा सुरात.

सल्ला द्यायला तर अख्खं शहर टपलेलंच होतं. दूधवाल्यापासून दादाच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांपर्यंत सगळ्यांचं एकच म्हणणं, नत्र घाला, भरपूर नत्र घाला, पोती ओता. वहिनी सगळ्यांना एकच उत्तर देई. "जेवण अंगी लागत नाहीये, म्हणून अजून वाढायचं? आधी पोट तपासू द्या."

पोट तपासायचं म्हणजे मातीचे नमुने घ्यायचे. एक पोलादी नळी जमिनीत चार बोटं दाबायची, आत आलेली मातीची कांडी काढायची, अशा वेगवेगळ्या जागच्या कांड्या बादलीत एकत्र करायच्या आणि प्रयोगशाळेत पाठवायच्या. हे काम वहिनी कुणालाही करू देत नसे. पण नेमका त्याच वेळी तिचा पाय मुरगळला. कुठे, तर स्वतःच्या घरच्या फरशीवर. दादा म्हणाला, "बघ, हिरवळ असती तर लागलं नसतं." त्या दिवशी दादाला जेवायला जरा उशिराच मिळालं.

पाय पोत्यावर ठेवून वहिनीने मामांना बोलावलं. "मामा, आज नमुने तुम्ही घ्या. फक्त एक लक्षात ठेवा, सगळ्या मैदानभर हिंडायचं. एका जागची माती नको."

"म्हणजे कसं हिंडू?"

"वाकडंतिकडं. प्यायलेल्या माणसासारखं."

"मी पीत नाही," मामा गंभीरपणे म्हणाले.

"माहितीये हो. चालायचं तसं, एवढंच."

मामा नळी आणि बादली घेऊन गेले आणि बादली भरून परत आले. माती प्रयोगशाळेत गेली, अहवाल आला. मातीचा सामू, म्हणजे ती किती आंबट आणि किती चुनखडीसारखी याचं माप, चांगलाच चढलेला होता. चुन्याचा अंश भरपूर. वहिनीने खोलीतल्या खोलीत चुटकी वाजवली. "सापडलं! चुना फार झालाय. अशा मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. म्हणून पिवळं. ताट वाढलेलं आहे, पण हात बांधलेत बिचाऱ्याचे."

उपाय सरळ होता, माती जरा आंबट करायची. वहिनीने गंधक घालायला लावलं, पाणी सोडलं, आणि घरी येऊन आईला सांगितलं, "झालं. आता फक्त बघत राहायचं."

आम्ही बघत राहिलो. गवत आणखी पिवळं झालं.

आता मात्र शहराला चेव आला. प्लास्टिक कंपनीच्या विक्रेत्याने मैदानाच्या फाटकापाशी आपल्या गवताचा एक तुकडा आणून अंथरला, गालिच्यासारखा. येणारेजाणारे त्यावर पाय घासून म्हणत, "काय हिरवं आहे हो!" वहिनी त्याच्या बाजूने लंगडत आत जायची आणि त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही. पण एका संध्याकाळी आम्ही सगळे शेजाऱ्यांकडे गेलो असताना वहिनी सरळ जाऊन खुर्चीवर बसली. कुंडीत बोट घातलं नाही. आई माझ्या कानात म्हणाली, "हिला बरं नाही रे."

दुसऱ्या दिवशी दादाने मला मैदानावर पिटाळलं. "जा, जरा तिच्याशी गप्पा मार. माझ्याशी बोलली तर फरशीवरून भांडण होईल." मी गेलो. वहिनी म्हणाली, "चला भावजी, वर बसून चहा पिऊ. पाय आता बरा आहे, चढून बघते." आम्ही पायऱ्या चढत अगदी शेवटच्या ओळीत जाऊन बसलो. इतकी वर्षं वहिनीचा सगळा संसार मैदानाच्या पातळीवर चाललेला. इतक्या उंचावरून ती आपलं मैदान बघायला क्वचितच येत असे.

तिने कप तोंडाशी नेला आणि तसाच धरून राहिली.

"भावजी, तुम्हाला काय दिसतंय?"

"पिवळं मैदान," मी भीत भीत म्हणालो. "आणि हिरव्या रेघा."

खरंच होत्या. मोसम संपल्याला किती दिवस झाले होते, पांढरी फक्की केव्हाच धुऊन गेली होती. पण जिथे जिथे ती पडत आली होती, तिथे तिथे गवताची एक गर्द हिरवी पट्टी उभी होती. चारी बाजूंना हिरवी चौकट, दोन्ही टोकांना गोलासमोरचे चौकोन, मध्ये एक सुरेख हिरवं वर्तुळ. पिवळ्या कागदावर कुणी हिरव्या शाईने मैदान आखून द्यावं तसं.

वहिनी चहा तिथेच ठेवून खाली धावत सुटली. मुरगळलेला पाय बरा झाल्याचं इतकं खणखणीत प्रमाणपत्र कुठल्या डॉक्टरने दिलं नसतं.

"मामा! नमुने कुठून घेतलेत?"

"सगळ्या मैदानभर. तुम्ही सांगितलंत तसे."

"चालून दाखवा."

मामांनी नळी घेतली, कोपऱ्यात जाऊन उभे राहिले आणि निघाले. बाजूच्या रेघेवरून सरळ शेवटपर्यंत. तिथे काटकोनात वळले. गोलाच्या रेघेवरून आडवे गेले. गोलासमोरचा चौकोन आला, त्याच्याभोवती फिरले. मधल्या रेघेने मध्यावर आले आणि तिथे ते वर्तुळावरून असे फिरले, की मागे कंपास असता तर त्याने शिकवणी लावली असती.

"मामा," वहिनी ओरडली, "मी तुम्हाला वाकडं चालायला सांगितलं होतं!"

"मध्ये गोल चाललो की!" मामा दुखावल्या आवाजात म्हणाले. "आणि आत कसा जाणार? मी नवीन लागलो तेव्हा तुम्हीच दरडावलं होतं, कारण नसताना गवतावर पाय द्यायचा नाही. तेव्हापासून मी रेघ सोडून आत पाऊल टाकलेलं नाही."

वहिनीने कपाळावर हात मारला. मग ती जी हसायला लागली, की तिला गवतावर बसावं लागलं. सबंध मैदानाची म्हणून तपासलेली माती निघाली होती फक्कीखालची. वर्षानुवर्षं चुना खाल्लेल्या जागेत चुना सापडणार नाही तर काय लोणी सापडणार?

हसता हसता ती एकदम थांबली. "भावजी, बादली आणा."

त्या दिवशी आम्ही मैदान वाकडंतिकडं पालथं घातलं. वहिनी नळी दाबत होती, मी बादली धरून मागे. मामा रेघेवर उभे राहून, देवळाबाहेर चपला सांभाळणाऱ्या माणसासारखे, आमच्याकडे काळजीने बघत होते. खोलीत आल्यावर वहिनीने दोन काचेच्या नळ्यांमध्ये थोडी थोडी माती घेतली, पाणी आणि रंगाचे थेंब घालून हलवली. रेघेवरच्या मातीचं पाणी हिरवंगार झालं. मधल्या मातीचं झालं नारिंगी.

"आंबट," ती म्हणाली. "आंबटढाण. इतकी वर्षं नत्र घालत आलो, पाणी मारत आलो, तशी ही आंबत गेली. चुना आणि मॅग्नेशियम पाण्याबरोबर खाली निघून गेले. आणि मी काय केलं? पोटात आधीच आम्लपित्त, त्यावर लिंबू पाजलं."

"मग आता?"

"आता? आता अध्यक्षांना सांगायचं."

बैठकीला मीही गेलो, दादाचा प्रतिनिधी म्हणून. मला वाटलं होतं, वहिनी जरा हळू बोलेल. पण चूक कबूल करतानाही तिचा आवाज तोच, तिसऱ्या खोलीत ऐकू जाणारा. "माझं चुकलं. मैदानाला गंधक नको होतं, चुनखडी हवी होती. मी बरोबर उलटा उपाय केला."

"नमुने मी चुकीचे आणले," मामा दारातून म्हणाले.

"मामा, तुम्ही गप्प बसा. नमुने मी स्वतः घ्यायला हवे होते. निदान ते कुठून घेतले हे तरी विचारायला हवं होतं."

अध्यक्ष मागे रेलले. "मॅडम, मागच्या वेळीही तुम्ही याच आवाजात सांगितलं होतं, की सापडलं म्हणून. आता पुन्हा विश्वास का ठेवायचा?"

"मागच्या वेळी मी खोलीत बसून कागद वाचला. या वेळी मैदान बघितलंय. तुम्हीही बघा, वर चढायला लागेल फक्त." मग जरा पुढे वाकून म्हणाली, "तुमच्याकडे एखादा माणूस एका बाजूने झिजलेला टायर घेऊन आला, तर तुम्ही काय करता? लगेच नवा टायर घालून देता, की आधी चाकं सरळ आहेत का बघता?"

"खरं सांगू," अध्यक्ष म्हणाले, "की गिऱ्हाइकाला सांगतो ते सांगू?"

सगळे हसले. अध्यक्षही हसले, आणि वर चढून हिरवी चौकट बघून आले. खाली आल्यावर मात्र हसले नाहीत. "मुदत तीच राहील. पहिल्या सामन्याच्या आधी मी येईन, विक्रेत्याला बरोबर घेऊन. पिवळं दिसलं तर तिथल्या तिथे सही करीन."

मग मैदानाचं औषधपाणी सुरू झालं. आधी यंत्राने सगळ्या मैदानाला बारीक बारीक भोकं पाडली, औषध खोल जायला. मग चुनखडीची भुकटी, मॅग्नेशियम असलेली, पसरायची. हे काम वहिनीने मामांवर सोपवलं, आणि मामांचा चेहरा त्या भुकटीसारखा पांढरा झाला.

"रेघेच्या आत चुना? मध्ये? सगळीकडे?" त्यांनी पेटीचं झाकण लावून टाकलं. "मी आयुष्यात एक चिमूट रेघेबाहेर सांडू दिलेली नाही!"

"म्हणून तर तुम्हीच हवेत. अर्धी भुकटी उभी टाकायची, अर्धी आडवी. चालताना जरा वाकडं गेलं, की एका जागी दुप्पट पडते आणि दुसरी जागा कोरडी राहते. मग गवतावर पट्टे उठतात, पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यासारखे. इतकं सरळ चालणारा माणूस मला दुसरा कोण मिळणार?"

मामांनी दोरी बांधायची परवानगी मागितली. ती मिळाली. मग त्यांनी चपला काढल्या, रेघ ओलांडली आणि आत पाऊल टाकलं. दोरीशेजारून पेटी ढकलत ते असे चालले, की जणू मैदानभर एकच जाडजूड रेघ मारायची आहे आणि ती आयुष्यातली सर्वांत चांगली व्हायला हवी आहे. उभं झालं, आडवं झालं. वर पाणी सोडलं.

पुढचे दिवस वाईट गेले. औषध घातलं की लगेच गुण येत नाही, हे वहिनी आम्हाला रोज समजावून सांगायची, आणि रोज सकाळी स्वतःच गुडघ्यांवर बसून गवतात डोकं घालून बघायची. दादा दुकानातून एक भिंग घेऊन आला आणि तिच्या पिशवीत ठेवून गेला. त्या भिंगातूनच तिला पहिल्यांदा दिसलं, की नवीन येणारं पातं बुडापासून हिरवं येतंय. तिने कुणाला सांगितलं नाही. घरी येऊन फक्त दोनदा जेवण वाढून घेतलं. आईने ओळखलं.

अध्यक्ष आले तेव्हा मैदान हिरवं होतं. सगळं नव्हे. एका गोलापुढे एक तुकडा अजून विरळ होता, आणि विक्रेत्याने नेमकं तिथेच बोट दाखवायला हात उचलला. त्याच्या आधी वहिनी म्हणाली, "ते बघा, ते अजून झालेलं नाही. तिथे गोलरक्षक नाचतो, माती दगडासारखी झालीये. ते मोकळं करून पुन्हा बी टाकावं लागेल. तेवढं या मोसमात तसंच दिसणार."

अध्यक्ष काही बोलणार, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कुणा गिऱ्हाइकाचं मोठं लचांड होतं. बोलता बोलता ते चालू लागले, चालता चालता थांबले, आणि मग गवतावर बसले. थोड्या वेळाने कोपरावर रेलले. बूट पायातून कधी निघाले ते त्यांनाही कळलं नसावं. विक्रेता हातात कागद घेऊन उन्हात उभा. वहिनी हाताची घडी घालून उभी. मी अध्यक्षांच्या बुटांकडे बघत उभा.

फोन संपला तरी अध्यक्ष उठले नाहीत. विक्रेत्याला म्हणाले, "तुमच्या त्या फाटकाजवळच्या तुकड्यावर असं बसता येईल का हो, या उन्हात?"

"येईल ना साहेब. म्हणजे तापतं जरा. पण पाणी मारलं की—"

"म्हणजे पाणी त्यालाही मारायचंच?"

विक्रेत्याने कागदांची घडी केली. समजूतदार मुलगा होता. जाताना वहिनीला म्हणाला, "ताई, आमच्या गच्चीतल्या झाडांचं जरा विचारायचं होतं."

"आधी त्यांचं खत बंद कर," वहिनी म्हणाली. "मग ये."

पहिल्या सामन्याला आम्ही सगळे गेलो. मैदान तुडुंब, गोंगाट असा की शेजारच्याचं ऐकू येऊ नये. सगळ्यांचे डोळे चेंडूवर आणि वहिनीचे खेळाडूंच्या बुटांवर. एकाने धावत येऊन जमिनीसरशी घसरत चेंडू अडवला. सगळं शहर "वाहवा!" म्हणून उठलं. वहिनी किंचाळली, "अरे मेल्या, पाय उचल!" त्या घसरण्याने हातभर लांब गवताचं साल निघालं होतं. नंतर गोल झाला तेव्हा दादा माझ्या गळ्यात पडला आणि वहिनी मान उंच करकरून गोलापुढची उखडलेली ढेकळं शोधत होती.

मध्यंतरात ती आणि मामा खाली उतरले आणि निघालेले तुकडे जागच्या जागी बसवून पायाने दाबत फिरले. मामा आता आत बिनधास्त चालत होते. परत आली तेव्हा तिचे हात मातीने भरलेले होते. दादाने विचारलं, "इतकं जपून वाढवलंस आणि आता हे सगळं उखडून टाकणार. वाईट नाही वाटत?"

"कशाला वाईट वाटेल?" वहिनी म्हणाली, आणि हात झटकले. "प्लास्टिक फाटलं की फाटलंच. हे उद्या सकाळी उठून कामाला लागतं." मग खेळाडू पुन्हा मैदानात उतरले. ती पुढे सरसावून बसली आणि तिसऱ्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चला, होऊ द्या. किती फाडायचं ते फाडा!"